सांडपाण्याची शाळा

"सोडा पानी! सोडा की! पर आदी माझ्यावर माती लोटा, मग सोडा!"

आवाज खड्ड्याच्या तळातून येत होता आणि सगळं गाव कडेला उभं राहून खाली वाकून बघत होतं. खड्डा तीन पुरुष खोल. इतक्या वर्षांनी सांगताना एखादा पुरुष वाढला असेल, पण दोनाच्या खाली मी येणार नाही. तळाला पोटरीभर पाणी, आणि त्या पाण्यात मास्तर उताणा पडला होता. अंगात खाकी कोट, खाली धोतर, पायांत पलटणीतले बूट.

वर पाटील उभे. हातात नारळ. शेजारी एका गड्याकडे हळदकुंकू लावलेली कुदळ. गटाराच्या तोंडाशी चिखलाचा बांध घातला होता. कुदळीच्या दोन घावांत तो फुटला असता आणि गावातल्या पन्नास घरांच्या मोऱ्यांचं पाणी मास्तरच्या छातीवर कोसळलं असतं. हलगीवाल्याचा टिपरू धरलेला हात वरच्या वर थांबला होता. तो पुढं आठ दिवस खाली आला नाही असं गावात सांगतात. मी पाच धरतो.

पाटील आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी हळूच सांगितलं, "मास्तर, वर ये. पावणे आलेत. गावाची शोभा करू नको."

यातली खरी मेख अशी की तो खड्डा मास्तरचाच होता. म्हणजे खणला गावानं, पण त्यासाठी दोन वर्षं गावाचं डोकं खाल्लं ते त्यानं. एक उंबरा झिजवायचा ठेवला नाही. आणि शेवटी गावानं मनावर घेऊन, अंगमेहनत करून खड्डा तयार केला, तर हा बाबा नगरहून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्विस मोटारीतून उतरला, ट्रंक तशीच रस्त्यात टाकली, खड्ड्यात उतरून तळाचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं, आणि तिथंच आडवा झाला. आपल्याच लेकीच्या लग्नात बापानं अंतरपाट फाडावा, तसलं हे.

मास्तर आमच्या गावाबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीतला. तिथल्या मिशनच्या शाळेवर होता. मध्ये लढाईवर गेला आणि ती संपल्यावर परत आला. पलटणीत त्याच्या हाती बंदूक नव्हती, फावडं होतं. छावणीतलं घाण पाणी कुठं न्यायचं, कसं मुरवायचं, हे बघणाऱ्या तुकडीत तो होता. शत्रू त्यानं एक मारला नाही, पण जंतू मारले त्याचा हिशेब सरकारनं ठेवला असता तर पदकं आणायला बैलगाडी लागली असती. येताना त्यानं दोन गोष्टी आणल्या. एक ते बूट आणि दुसरं नाक. कर्जतच्या रस्त्यानं येताना वेशीबाहेर दोन मैलांवर उभं राहून तो सांगायचा, आज कुणाची मोरी तुंबली आहे. आणि ते खरं निघायचं, हे त्यातलं वाईट.

कुणाच्याही घरी गेला की म्हणायचा, "आदी मोरी दावा, मग चहाचं बघू." एकदा वस्तीतल्या एका पोरासाठी कोल्हारकडची मुलगी बघायला गेला. मंडळी ओसरीवर बसली, मुलगी खाली मान घालून आली, आणि वडीलधारा म्हणून नेलेला मास्तर गायब. शोधायला गेले तर हा घरामागं, कोपरापर्यंत हात बरबटलेले, त्यांच्या मोरीचा गाळ उपसतोय. मुलीच्या बापाला वाटलं, इतका राबणारा सोयरा पुन्हा मिळायचा नाही. त्यानं जागच्या जागी सुपारी फोडली. मुलगी कशी होती ते मास्तरला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मोरीला उतार कमी होता, एवढं त्याच्या लक्षात होतं.

कोटाच्या दोन्ही खिशांत दोन बाटल्या. डावीकडच्या बाटलीत मोरीचं काळं पाणी आणि उजवीकडच्या बाटलीत तेच पाणी गाळून, मुरवून काढलेलं. पारावर चार माणसं दिसली की दोन्ही बाटल्या उन्हात धरायच्या आणि धडा सुरू. त्याच्या मते सांडपाणी म्हणजे वांड पोर. त्याला गावात मोकाट सोडायचं नाही, शाळेत घालायचं. खड्ड्यात वर मोठे धोंडे, ही पहिली. खाली विटांचे तुकडे, ही दुसरी. मग कोळसा, ती तिसरी. तळाला वाळू, ती चौथी. "चौथी पास झालं की पानी शानं हुतं. मग त्येला भुईत कुटंबी जाऊ द्या." लोक हसायचे. त्याला हसण्याची पर्वा नव्हती. मात्र पुढं तो एक वाक्य जोडायचा, तेव्हा हसणारे गप्प व्हायचे. "आन नापास पानी हिरीत गेलं तर पटकी येती. छावनीत म्या बघितलंय. सकाळी हजेरीला हुते, सांजला न्हवते."

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या गावात पटकी येऊन गेली होती. प्रत्येक आळीतून कुणी ना कुणी गेलं होतं.

पिण्याची विहीर गावाला एकच, गावाच्या उताराला. त्या विहिरीच्या कट्ट्यावर मास्तरला चढायची मुभा नव्हती. वस्तीच्या बायका घागरी घेऊन लांब थांबत, गावातली कुणी बाई शेंदून वरून ओतेल तेवढं पाणी नेत. ज्या विहिरीला हात लावता येत नव्हता, तिच्यापायी हा माणूस जीव टाकत होता. त्याला मी हे एकदा बोलून दाखवलं तर म्हणाला, पानी प्यायचं तर तिचंच ना.

मी तेव्हा लोकल बोर्डाच्या शाळेवर गुरुजी होतो. बिऱ्हाड पाटलांच्या ओसरीवरच्या खोलीत, जेवण पाटलांच्या पंगतीला. त्यामुळे माझी मतंही पाटलांच्याच घरची असत.

खड्ड्याच्या आदल्या वर्षी चैत्रातल्या यात्रेला देवाची पालखी गटाराच्या चिखलात रुतली. भोई घसरला, देव कलंडला. देवाला चिखल लागला तेव्हा कुठं पाटलांना मास्तरचा खड्डा आठवला. पुढच्या यात्रेच्या आत खड्डा झालाच पाहिजे, असं ठरलं. ठरलं खरं, पण गावकी हलायला पुढची यात्रा तोंडावर यावी लागली. नेमका मास्तर तेव्हा मिशनच्या वर्गासाठी पंधरा दिवस नगरला गेला होता. जाताना सांगून गेला, जागा मी आल्यावर दाखवतो. पण गाव एकदा उठलं की थांबत नाही. प्रश्न आला, खड्डा घ्यायचा कुठं?

आता खणायची जागा कुणाला विचारतात? आमच्याकडं बापजाद्यांपासून एकच रीत. पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शिवारात फिरतो आणि नारळ जिथं उभा राहील तिथं कुदळ मारायची. बोलावला पाणाड्या. त्याचा नारळ विहिरीच्या वरच्या अंगाला, शंभर पावलांवर उभा राहिला. उभा म्हणजे कसा, तर शिपायासारखा. गाव खणत सुटलं. आणि आठव्या दिवशी तळाला झरा लागला.

झरा लागल्यावर आम्ही काय केलं? गूळ वाटला. खड्ड्याला पाणी लागलं म्हणून लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आमच्या दुष्काळी मुलखात खणल्यावर पाणी लागणं ह्याहून मोठं सुख नाही. हा खड्डा पाणी काढायला नव्हे, घाण पाणी मुरवायला घेतलाय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी शिकलेला माणूस. मी गुळाचा खडा दोनदा घेतला.

तर आता मास्तर त्या झऱ्यात पडून सांगत होता की ही झऱ्याची शीर सरळ विहिरीला जाते, हितं गटार सोडलं तर उद्या ते पिण्यात येईल, आणि पाच दिवसांवर यात्रा आहे, हजार माणूस ह्या विहिरीचं पाणी पिणार. पाणाड्या वरून म्हणत होता, शीर उगवतीला जाते, विहिरीला नाही. पाटलांनी दोघांचं ऐकलं. पाहुण्यांदेखत त्यांचा नारळ हातातच राहिला होता. तो राग त्यांच्या आवाजात नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"शाबीत कर," पाटील म्हणाले.

मास्तर उठून बसला. म्हणाला, ह्या तळात मीठ ओततो. तीन दिवसांत विहिरीचं पाणी खारट झालं तर शीर एक.

"आन न्हाई झालं तर?"

त्याचं उत्तरही पाटलांनीच दिलं. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पाणी खारट झालं नाही तर मास्तरनं गाव सोडायचं, बांध फोडायचा, आणि त्याच्या वस्तीला त्या विहिरीचं पाणी कायमचं बंद.

कडेला वस्तीतली माणसं उभी होती. त्यांच्यातल्या एकानं मान हलवून मास्तरला खुणावलं, नको म्हण. मास्तरनं वर बघितलंच नाही.

"व्हय," तो म्हणाला.

त्यानं आपली सायकल वाण्याच्या दारात लावली आणि तिच्या बदल्यात खड्याच्या मिठाची चार पोती उचलली. त्या सायकलीला तो रोज तेल घालायचा, बायकोच्या डोक्याला कधी घातलं नसेल. चारी पोती खड्ड्यात रिकामी झाली. विहिरीवर पाटलांनी काठ्या घेतलेले दोन गडी बसवले, रात्रंदिवस. मास्तरची माणसं विहिरीच्या आसपास फिरकली तर पाय मोडा, असा हुकूम.

राहिलं एक. पाणी चाखायचं कुणी? मास्तरला कट्ट्यावर चढता येत नव्हतं आणि पाणाड्यावर त्याचा भरवसा नव्हता. पाटलांनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "आपले गुरुजी हायेत की. त्येंच्या जिभेला समदं कळतं."

ही थाप माझीच. म्हशीचं दूध चाखून ती कुठल्या ओढ्यावर पाणी प्यायली ते मी सांगतो, असं मीच गावभर पसरवलं होतं. ती अशी अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. मास्तरनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, चालंल.

पहिल्या दिवशी मी सकाळ-दुपार-संध्याकाळ तांब्याभर पाणी प्यालो. गोड. मास्तर विहिरीपासून लांब, लिंबाखाली बसून होता. मी मान हलवली की तो बाटल्या खिशातून काढून पुन्हा आत ठेवायचा. वस्तीची माणसं एकेक करून त्याच्याकडं येऊन जात होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, पाटलांचे पाय धर आणि मोकळा हो. गटार गावाचं, विहीर गावाची, मेले तर ते मरतील, तुला काय पडलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको आली. कडेवर धाकटं, हातात रिकामी घागर. त्या दिवशीच गावातल्या बायकांनी पाणी ओतायला टाळाटाळ सुरू केली होती. ती त्याच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी गटार जिंकाल. म्या लेकरांना काय पाजू?"

मास्तर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

त्याच संध्याकाळी मी तांब्या तोंडाला लावला आणि जिभेच्या कडेला काहीतरी लागलं. फार नाही. रडून झाल्यावर ओठावर राहतं तेवढं. मी पुन्हा घोट घेतला. होतं. तांब्या खाली केला तर समोर पाटील, कमरेवर हात ठेवून. नुसतं बघत होते. मला माझी ओसरीवरची खोली दिसली, पंगतीतला पाट दिसला, आणि बोर्डाच्या साहेबांशी पाटलांची असलेली ओळख दिसली.

"गोड हाय," मी म्हणालो.

लिंबाखालून मास्तर माझ्याकडं बघत होता. त्या अंतरावरून त्याला माझा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. पण त्याचं नाक मी सांगितलंच आहे. भीतीलाही वास असतो.

तिसरा दिवस कसा गेला विचारू नका. सकाळी चाखलं, खारट. म्हणालो गोड. दुपारी चाखलं, जास्त खारट. म्हणालो गोड. एकदा खोटं बोललेली जीभ दुसऱ्यांदा खरं बोलायला निघाली की पहिलं खोटं दारात आडवं पडतं. तेच पाणी घरोघरी पीत होते, पण पाटलांच्या आधी ते खारट म्हणायला कुणी धजत नव्हतं. संध्याकाळी सगळं गाव जमलं. कुदळीला नवीन हळदकुंकू. हलगी आली. वस्तीची माणसं लांब एका ओळीत उभी होती आणि त्यांच्या मागं मास्तरची ट्रंक बांधून ठेवलेली. सूर्य डोंगरावर टेकला तेव्हा गड्यानं बादली शेंदली आणि मी तांब्या भरून घेतला. मुंबईचा समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. तो त्या तांब्यात पाहिला. गिळताना डोळ्यांत पाणी आलं.

"काय गुरुजी?" पाटील म्हणाले.

"गोड."

पाटलांनी कुदळवाल्याकडं बघून मान हलवली. गडी बांधाकडं निघाला. मास्तर लिंबाखालून उठला आणि खड्ड्याकडं चालू लागला. पळाला नाही, चालत निघाला, शाळेची घंटा झाल्यावर वर्गावर जावं तसा. बायकोनं त्याचा कोट मागून धरला. कोट फाटला, तो थांबला नाही. खड्ड्याच्या कडेला बसून त्यानं पाय आत सोडले. आता त्याला ओढून काढायचं की त्याच्यासकट पाणी सोडायचं, हे कुणालाच कळेना. गडी कुदळ उगारून पाटलांकडं बघत राहिला. पाटील म्हणाले, "मार."

तेवढ्यात गर्दी फाकली. पाटलीणबाई आल्या होत्या. आजवर त्या कधी चावडीच्या पुढं आलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. त्या नवऱ्यासमोर थांबल्या नाहीत, जरा बाजूला उभ्या राहिल्या आणि जमिनीकडं बघत बोलल्या. आवाज इतका लहान की कुदळवाल्यानं श्वास धरला.

"काल ताक घुसळून पानी घातलं, तर मिठाआदीच ताक खारट. म्हनून आज दुपारी सैंपाकात मीठच घातलं न्हाई. वरनात न्हाई, भाजीत न्हाई. जेवताना कुनी बोललं न्हाई." जरा थांबून त्या म्हणाल्या, "गुरुजींनी तर वरन दोनदा मागून घेतलं."

गावानं माझ्याकडं बघितलं. हजार डोळे असतील. तेव्हा गावात तेवढी माणसं नव्हती, हे मला माहीत आहे.

पाटलांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. उरलेलं पाणी सावकाश प्यायले. मिश्या पुसल्या. खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या मास्तरच्या पाठीकडं बघत राहिले, आणि मग गड्याला म्हणाले, "कुदळ खाली ठेव."

बस्स. माफी नाही, शाबासकी नाही. दुसऱ्या दिवसापासून चार बैलांची मोट लावून दोन दिवस विहीर उपसली, खड्डा बुजवला, आणि यात्रेतल्या लोकांना ओढ्यातल्या झिऱ्यांचं पाणी भरून दिलं. पाणाड्या कुणावर रागावला नाही. म्हणाला, मला पानी दावाया बोलावलं, म्या पानी दावलं. त्याच्या बाजूनं तो खराच होता. वस्तीच्या बायका पूर्वीसारख्याच लांब घागरी घेऊन थांबू लागल्या आणि त्यांना वरून पाणी मिळू लागलं. कट्ट्यावर मास्तरला कुणी चढू दिलं नाही. तेवढ्यानं गाव बदलत नसतं.

नवा खड्डा मास्तरनं स्वतः जागा बघून घेतला, गावाच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब, कोरड्या मुरमात. तिथं कितीही खणलं तरी पाणी लागत नव्हतं आणि रोज संध्याकाळी गडी उदास होऊन घरी जात होते. मास्तर एकटाच खूश. तळाची वाळू झाली. कोळशाची तिसरी इयत्ता भरायची वेळ आली तेव्हा मी टोपली घेऊन गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. पाटलांच्या पंगतीत माझ्या ताटाला मीठ वाढताना आता सगळे हसत होते, आणि मास्तर मला एका शब्दानं काही बोलला नव्हता. ते जास्त लागत होतं.

दोघं खड्ड्यात उतरून कोळसा पसरत होतो. हात काळे झाले की माणसाला खरं बोलायला सोपं जातं. मी म्हणालो, मास्तर, दुसऱ्या दिवशी सांजेलाच मला खारट लागलं होतं.

त्यानं मान हलवली. कोळशाचा एक मोठा खडा उचलून त्यानं फोडला, तुकडे सारखे केले.

"आन पाटलीणबाई आल्याच नसत्या तर?" मी विचारलं.

"तर ट्रंकंत पाचवं पोतं हुतं, ते थेट हिरीत वतलं असतं," तो म्हणाला.